चर्चला वाढीव बांधकाम करायचंय (नवापूर भाग), पण मंडळी ऊसतोडीला गेलीय. थांबू का?

रंगावलीकाठ

सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, गेली ९ वर्षं नवापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनरी पाळक म्हणून राहतोय. नवापूर म्हणजे तेच स्टेशन जे अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, आमचं गाव तिथून आत. मंडळी सगळी मावची बोलणारी आदिवासी. उपासना मराठीत, पण साक्ष द्यायला माणूस उभा राहिला आणि मन भरून आलं की मावचीतच बोलतो, आणि तेच बरोबर आहे. आलो तेव्हा रविवारी ५०-६० जण असायचे, आता १४० होतात, ईस्टरला त्याहून जास्त.

चर्च ३० बाय १८ फुटांचं, वर मंगलोरी कौल, सागाचे वासे, १४ इंची विटांच्या भिंती. विटा इथल्याच लोकांनी नाल्याच्या मातीतून थापून भाजलेल्या, त्या पिढीतल्या दोन आज्या अजून आहेत. सतरंजीवर दाटीवाटीने ९० माणसं बसतात, बाकीचे बाहेर. पावसाळ्यात बायका लेकरांना घेऊन वळचणीखाली उभ्या राहून भजन म्हणतात, पागोळ्यांचं पाणी पाठीवर पडत असतं आणि मी आत कोरड्यात उपदेश करतोय. हे मला आता बघवत नाही, म्हणून वाढवायचं ठरलं.

मुंबईचे एक ओळखीचे सद्गृहस्थ १२ लाख द्यायला तयार आहेत, मागच्या बाजूला आरसीसी हॉल, वर स्लॅब, फक्त काम मार्चपर्यंत उरकायचं, मग त्यांना परदेशी जायचंय. ठेकेदार पण तयार आहे.

अडचण अशी की आमची निम्म्याहून जास्त मंडळी दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जाते, काही सुरतला बांधकामावर. म्हणजे इथे बांधकामाचे जे महिने तेच त्यांचे बाहेर असण्याचे महिने. परत येतात होळीनंतर, काही ईस्टरला, काही त्याहून उशिरा. त्यांच्या आजोबांनी विटा वाहून जे उभं केलं त्याला मी त्यांच्या माघारी, ठेकेदाराच्या माणसांकडून, अनोळखी पैशाने हॉल जोडायचा का? रात्री झोप लागत नाही. होळीपर्यंत थांबलो तर मृग लागायला जेमतेम अडीच-तीन महिने उरतात. थांबू का नको?

आणखी एक, पूर्वेला माझ्या आधी कधीतरी सामानाची एक खोली जोडलीय, तिच्या आणि चर्चच्या मधे वरून खाली भेग गेलीय, वर बोट जाईल एवढी.

वसईचा_वारा

पाळकसाहेब, मनापासून सांगतो, थांबू नका. देणगीदार आज आहे उद्या नाही. आमच्या पॅरिशमध्ये सभागृहाचं काम लोकांची मतं घेत घेत रखडलं, तोवर सिमेंट स्टीलचे भाव कुठल्या कुठे गेले. लोक परत येतील आणि डोक्यावर पक्कं छप्पर बघून आनंदच होईल त्यांना. स्लॅब टाका म्हणजे पुढे वरचा मजला पण चढवता येईल.

ओळंबा

नाशिकला स्ट्रक्चरल कामं करतो. थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्या भेगेबद्दल बोलतो कारण सगळं तिथेच आहे.

माती काळी आहे का? किती खोल? भेग मे महिन्यात रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी होते का? तसं असेल तर खोलीचा पाया मुरुमापर्यंत गेलेलाच नाही, काळ्या मातीत बसलाय. माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, जुनी इमारत तिच्या तालावर हलते, नवी तिच्या, आणि दोघींना एकाच भिंतीने बांधलंय म्हणून जोडावर फाटतं. एक करा, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, शेजारी भिंतीवर तारीख लिहा. काच तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. ते कळल्याशिवाय स्लॅबचा विचारसुद्धा करू नका.

विश्वस्त

बांधकामातलं कळत नाही, कागदातलं सांगतो, ३० वर्षं ट्रस्टचं काम बघितलंय.

आधी बघा की जागा कोणाच्या नावावर आहे, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि ट्रस्टच्या पीटीआरमध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदवहीत, ही मिळकत शेड्यूलला लागलीय का. स्वतःच्याच जागेवर वाढवायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ ची परवानगी लागत नाही, ती विक्री, अदलाबदल, बक्षीस आणि लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याला लागते. पण बांधकामाची परवानगी वेगळी, ती घ्याच. आणि तुमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे, तेव्हा विषय ग्रामसभेत उघडपणे ठेवा, गावातल्या बाकीच्यांच्या समोर. कागद लागतो म्हणून नाही नुसता, शेजारपाजाऱ्यांना आधी तुमच्याकडून कळलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या बाजूला जागा कमी पडते म्हणून शेजारचा भाऊ "घ्या पाळक दोन गुंठे" म्हणाला आणि स्टँप पेपरवर लिहून घेतलं, असं अजिबात करू नका. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला महसूल कायद्याचं कलम ३६ अ आडवं येतं, आणि ट्रस्ट काही आदिवासी धरत नाहीत. त्या भावाच्या मुलांचं नुकसान आणि चर्चची बदनामी दोन्ही.

रंगावलीकाठ

विश्वस्तसाहेब, अंगावर काटा आला. मागच्या बाजूला खरंच ६ फूट कमी पडतात आणि शेजारचा भाऊ अगदी हेच म्हणाला होता. जागा ट्रस्टच्या नावावर आहे, पण ती उत्तरेकडे मोकळी आहे, मागे नाही. म्हणजे मागचा हॉल तिथेच संपला.

ओळंबादादा, माती काळी, ४ फुटांवर मुरूम लागतो, विहीर खणलेल्यांना विचारलं. काच आज लावली, १२ डिसेंबर लिहिलंय.

केडगावची_लेक

पाळकसाहेब, मी केडगावच्या मुक्ती मिशनच्या, पंडिता रमाबाईंच्या संस्थेच्या, आवारात वाढलेली मुलगी. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं ते वळचणीखालच्या बायकांचं वाचून थांबलेच, कारण हॉल बांधताना नेमकं त्यांनाच कोणी विचारत नाही. पाळकीणबाईंना सांगा बायकांना एकत्र बसवून विचारायला की तुम्हाला काय हवंय. मी सांगते काय निघेल, पहिलं संडास, दुसरं झोळी बांधायला जागा. तान्हं रडलं की आई उठून बाहेर जाते आणि मग अख्खा उपदेश तिचा बाहेरच जातो. तिला असं ठिकाण हवं जिथून पुलपिट दिसतं, आवाज येतो, आणि लेकरू रडलं तरी कोणी मान वळवून बघत नाही. बंद हॉलमध्ये हे होत नाही.

वेशीबाहेर

नगरकर बोलतोय, त्यामुळे पाळकसाहेब आपलेच.

तुमचा प्रश्न नवा नाहीये. अमेरिकन मिशनने नगरला १८३१ मध्ये ठाणं मांडलं, त्यानंतर वीसेक वर्षं मंडळी मिशनऱ्यांच्याच हाताखाली. मग १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला आले आणि त्यांचा आग्रह एकच, गावोगावच्या मंडळ्या त्यांच्या त्यांच्या पाळकाच्या हाती द्या, त्यांचा खर्च त्यांना उचलू द्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहू द्या. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना त्याच सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली. आणि रेव्ह. ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, या मातीतल्या माणसाने या मातीतल्या पद्धतीने ख्रिस्ताला भजावं म्हणून.

माझ्या आजोळी चर्चपुढे पडवी होती, तीन बाजूंनी उघडी. कीर्तन तिथेच व्हायचं, खंजिरी टाळ पेटी, आणि गावातली जी माणसं चर्चच्या आत पाऊल टाकायला संकोचतात ती पडवीच्या कडेला येऊन टेकायची. आत या म्हणावं लागत नव्हतं आणि बाहेर का म्हणून पण नाही. भिंतीचा हॉल झाला की ती कड जाते. पडवीचा विचार करा असं माझं मन सांगतंय.

टोरांटोकर

मला मदत करायला आवडेल, थोडी का होईना. इथून पाठवली तर चालेल का?

विश्वस्त

टोरांटोकर, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे असतील तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असेल तरीसुद्धा, ती विदेशी देणगीच, मग ट्रस्टला एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. पाळकाच्या वैयक्तिक खात्यात तर कोणीच काही टाकू नका.

टोरांटोकर

कॅनडाचा आहे पासपोर्ट. मग राहू दे, त्यांना अडचणीत आणायचं नाही. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

रंगावलीकाठ

दोन महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

काच ९ फेब्रुवारीला सकाळी तडकलेली दिसली. बरोबर मधोमध. मी ओट्यावर बसून बराच वेळ बघत होतो, कारण माझ्या मनात अजून स्लॅबच होता हो, खोटं कशाला बोलू.

पाळकीणबाईंनी इथे असलेल्या बायकांची बैठक घेतली, केडगावची ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, संडास आणि झोळी, त्याच क्रमाने. आणि एक आजी म्हणाल्या, पाळक, बंद खोली करू नका, मला डोंगर दिसला पाहिजे.

मुंबईच्या सद्गृहस्थांना फोन केला, सगळं सांगितलं, मार्चमध्ये होणार नाही म्हणालो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की मला तुमच्या लोकांच्या माघारी काही करायचं नव्हतं, मला माहीतच नव्हतं ते नसतात. खांबांचे पाईप आणि पत्रे माझ्याकडून घ्या, पाटी नको. मला रडू आलं.

तर ठरलंय पडवी, उत्तरेच्या लांब भिंतीला, ३० बाय १२, होळीनंतर. ओळंबादादा, आता तुम्ही सांगाल तसं.

ओळंबा

पडवी म्हणालात, डोक्यावरचं ओझं उतरलं. वजन हलकं, काळ्या मातीला झेपणारं.

जुन्या भिंतीला काहीही जोडायचं नाही, हा एकच नियम. खांबांच्या दोन ओळी, प्रत्येकी ४, १०-१० फुटांवर, म्हणजे ८ खड्डे. आतली ओळ भिंतीपासून दीड फूट लांब. खड्डे ५ फूट, म्हणजे मुरुमात फूटभर शिरतील, आणि भिंतीकडचे चारही एकदम उघडे ठेवू नका, एक खणा, भरा, मग पुढचा. जुन्या पायाशेजारी लांबलचक चर खणून ठेवला आणि वळवाचा पाऊस आला तर भिंतीच्या पायाखालची माती निसटते, मी पाहिलंय.

पत्रा कौलांच्या वळचणीखाली ९ इंच सरकवा, चिकटवू नका. कौलांचं पाणी पत्र्यावर पडेल आणि पुढे जाईल, दोन्ही छपरं आपापली हलायला मोकळी. वळचण जमिनीपासून किती?

रंगावलीकाठ

हॉलच्या फरशीपासून साडेआठ फूट. फरशी जमिनीपासून २ फूट वर.

ओळंबा

१२ फुटांत पत्र्याला २ फूट उतार द्या. पत्रा वळचणीच्या खाली तीनेक इंच जातो ते धरून बाहेरच्या कडेला हॉलच्या पातळीपासून सव्वासहा उरतात, ते कमी. म्हणून पडवीची जमीन हॉलपेक्षा १ फूट खाली घ्या, दोन पायऱ्या, मग सव्वासात मिळतात. एका दाराशी पायऱ्यांऐवजी उतार करा, म्हाताऱ्यांसाठी. पडवीचा जोता आणि चर्चचा जोता यांच्यात इंचभर फट ठेवून वाळू भरा, वरून डांबर.

आत-बाहेर एक व्हायला कमान फोडायचा मोह होईल. नको. उत्तरेला खिडक्या किती?

रंगावलीकाठ

तीन. साडेतीन फुटी, वर सागाच्या तुळ्या.

ओळंबा

झालं मग! खिडक्यांच्या खालची भिंत तेवढी काढा, तीन दारं तयार. वरची तुळई आहे तशीच राहते, भिंतीवरचं वजन जसं येत होतं तसंच येतं, एक जॅक लावायची गरज नाही. फक्त तुळया वाळवीने खाल्लेल्या नाहीत ना ते पेचकस टोचून बघा. आणि घण घालू नका, छिन्नीने एकेक वीट सोडवा.

वसईचा_वारा

मी स्लॅबच्या बाजूने बोललो होतो, पण काच तडकल्यावर काय बोलणार. एकच सांगतो, पत्र्यावर पाऊस पडला की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. त्याचं काहीतरी करा.

रंगावलीकाठ

त्याला इथेच उपाय आहे, पत्र्याखाली बांबूचे तट्टे. मंडळीतले दोन भाऊ विणतात, ऊनही कमी लागतं.

रंगावलीकाठ

एप्रिल संपत आला, खुशाली कळवतो.

ग्रामसभेत विषय मांडला तेव्हा पोटात गोळा होता, पण सरपंचांनीच मुरमासाठी स्वतःचा ट्रॅक्टर देऊ केला, ते आमच्या मंडळीतले नाहीत. परवानगीचा कागद फाईलला लागलाय.

लोक आले. पहिलं कुटुंब होळीच्या चौथ्या दिवशी, हाताला अजून उसाच्या पात्याचे चरे. आल्या आल्या बापलेक कुदळ घेऊन हजर, मी म्हणालो अरे दोन दिवस विसावा घ्या, तर म्हणे पाळक, तिकडे दुसऱ्याच्या शेतात चार-पाच महिने वाकलो, इथे आपल्या घरात एक दिवस वाकू दे. जे सुरतेला बांधकामावर असतात ते तर मिस्त्रीच आहेत, सळई बांधणं, रिंगा वळवणं, लेव्हल ट्यूब धरणं, सगळं त्यांना येतं, ९ वर्षांत मला माहीतच नव्हतं की माझ्या मंडळीत इतके कारागीर आहेत! रविवारी मागे बसणारा एक अबोल मुलगा, त्याने ओळंबा टाकून ठेकेदाराकडून आणलेल्या गवंड्याचा एक खांब अर्धा इंच कलला होता तो दाखवून दिला.

खिडक्यांखालच्या विटा काढताना मी शेजारी बसलो होतो. साडेचारशेच्या आसपास निघाल्या. मातीतच रचलेल्या त्यामुळे अख्ख्या सुटल्या. एक वीट उलटी केली तर तिच्यावर शेळीच्या खुराचा ठसा, दोन पाकळ्या स्वच्छ उमटलेल्या. ती हातोहात फिरली आणि त्या डोंगर हवा म्हणणाऱ्या आजींकडे गेली. त्यांनी बोटं खुरात ठेवून बघितली आणि मावचीत सांगू लागल्या की विटा ओल्या असताना शेळी आपल्याच हातून सुटली होती, थापलेल्या विटांवरून धावली, बापाने खूप मारलं होतं. "मग टाकून का नाही दिल्या?" कोणीतरी विचारलं. म्हणाल्या, टाकायला वीट होती कुठे जास्तीची, भाजल्या तशाच.

त्या सगळ्या विटा पडवीच्या कडेच्या ओट्याला वापरल्यात. खुराची वीट वर, ठसा दिसेल अशी.

केडगावची_लेक

वाचून डोळे भरले. संडासाचं काय झालं ते सांगा.

रंगावलीकाठ

ताई, संडास आधी झाला, मग पडवी. दोन, दाराला आतून चांगली कडी, पाण्याची टाकी. बायकांनीच जागा ठरवली, वाटेवरून दिसणार नाही अशी.

वेशीबाहेर

समर्पण कधी? मी येईन म्हणतो.

रंगावलीकाठ

समर्पण मेच्या शेवटच्या रविवारी झालं, वेशीबाहेरसाहेब आले होते, खंजिरी पण आणली होती त्यांनी. प्रभुभोजन पडवीतच केलं. कोनशिला नाही लावली. एका वहीत १११ नावं आहेत, कोणी किती दिवस काम केलं, कोणी किती भाकरी आणल्या, कोणी मूठभर तूर दिली, ती वही वेदीच्या पेटीत ठेवलीय. माझी कधीतरी बदली होईल, वही राहील.

मृगाने थोडी हूल दिली पण आता चांगला लागलाय. तट्ट्यांमुळे आवाज खरंच निम्म्यावर आलाय. झोळ्यांना ६ कड्या मारल्यात, रविवारी पाच भरलेल्या असतात. काच नवीन लावलीय, तीन जागी, पडवीच्या जोत्यापाशी पण एक, अजून तिन्ही अख्ख्या आहेत. सामानाची खोली दिवाळीनंतर उतरवायची असं मंडळीने ठरवलंय, पण तेव्हा लोक बाहेर जातात, म्हणून ते लोक गावात असतानाच कधी करायचं ते बघू.

एक अडचण आहे. जोराची सर आली की पन्हळ वायव्येच्या कोपऱ्यात भरून वाहते आणि पाणी नेमकं दोन पायऱ्यांच्या दाराशी येतं. ४ इंची पाईप एकच आहे, पूर्वेच्या टोकाला. ओळंबादादा, दुसरा कुठे काढू?

ओळंबा

कौलांचं आणि पत्र्याचं, दोन्ही छपरांचं पाणी त्या एका पन्हळीत येतंय, एक पाईप कसा पुरेल, माझंच सांगायचं राहिलं. पश्चिमेच्या टोकाला दुसरा काढा, आणि पन्हळीचा उतार मधून दोन्हीकडे करा. खाली पाणी खांबापाशी सोडू नका, पाईप ६ फूट लांब न्या नाहीतर ती काळी माती पुन्हा फुगायला लागेल. पाऊस उघडेपर्यंत तात्पुरता प्लास्टिकचा लावला तरी चालेल. फोटो टाका.